प्रॉडक्ट मॅनेजर नेमकं करतो काय? आणि ती चार टप्प्यांची कमान खरी असते का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये काढली, आता कंपनीने उचलून प्रॉडक्ट टीममध्ये टाकलंय. पद मिळालं, पण काम काय ते कोणी धड सांगत नाही. डेव्हलपर म्हणतात, "रिक्वायरमेंट लिहून दे." सेल्सवाले म्हणतात, "गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐक." साहेब म्हणतात, "या प्रॉडक्टची तू मालकीण आहेस असं समज." मालकीण म्हणे! एक बटण इकडचं तिकडे करायचं तर तिघांची परवानगी लागते.

आमचं उत्पादन म्हणजे गोदामातल्या मालाची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर. डेस्कटॉपवर चालतं, जुनं आहे, पुष्कळ ठिकाणी बसवलेलं आहे. त्याच्या जोडीला आता मोबाईल अ‍ॅप काढायचं घाटतंय. ट्रेनिंगमध्ये उत्पादनाच्या आयुष्याची (प्रॉडक्ट लाइफ सायकलची) ती प्रसिद्ध कमान दाखवली: ओळख, वाढ, परिपक्वता, उतार. लगेच पुढच्या मीटिंगमध्ये सेल्सचे प्रमुख म्हणाले, डेस्कटॉप उताराला लागलंय, बंद करायची तारीख ठरवून टाका. फायनान्सच्या बाई म्हणाल्या, उतार कसला, पगार निघतात ते त्याच्यावरच. आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तर प्रश्न दोन. एक, हे काम म्हणजे नेमकं काय? दोन, आपलं उत्पादन कमानीवर कुठे उभं आहे हे ओळखायचं कसं? पुस्तकी व्याख्या नकोत, त्या पाठ आहेत. अनुभव हवेत.

अल्पविराम
वाचतेय. जाणकार येतीलच.

उचापती
सोपं आहे हो ताई. चांगलं चाललं तर ते इंजिनियरांमुळे, विकलं गेलं तर सेल्समुळे आणि बिघडलं तर तुमच्यामुळे. झाली व्याख्या. ;)

रातकिडा
मी डेव्हलपर. माझ्या बाजूने सांगतो. वाईट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे पोस्टमन. वरून आलेलं पाकीट खाली देतो, खालून आलेली कुरकुर वर पोचवतो. चांगले फार थोडे पाहिले. त्यातल्या एकीची आठवण आहे. तिने कधीच "हे स्क्रीन असं करा" म्हटलं नाही. ती यायची आणि म्हणायची, "दुपारच्या पाळीतली माणसं ही नोंद संध्याकाळी एकदम करतात, त्यामुळे चुका होतात. का करत असतील?" मग आम्हीच उत्तर शोधायचो, आणि ते बहुतेक वेळा तिने मनात धरलेल्या उत्तरापेक्षा स्वस्तातलं निघायचं.

बाकी मीटिंगा कमी लावा, एवढं एक केलंत तरी टीम दुवा देईल.

जुना_खांब
या पेशाची सुरुवात सॉफ्टवेअरमधून झाली असं अनेकांना वाटतं. तसं नाही, सुरुवात साबणातून झाली. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण अधिकारी कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघत होता. त्याच कंपनीचा आयव्हरी साबण इतका मोठा की सगळं लक्ष तिकडे, आणि कॅमेला धड वाली नाही. त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. मागणी अशी की एकेका ब्रँडला एकेक माणूस आणि त्याच्या हाताखाली छोटी तुकडी द्या. त्या माणसाने माल कुठे खपतो, कुठे खपत नाही, का खपत नाही हे स्वतः जाऊन अभ्यासावं, उपाय सुचवावा, तो करून घ्यावा आणि निकालाची जबाबदारी घ्यावी. हाच गृहस्थ पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्रीसुद्धा.

पाऊलवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या टिपणात आहे. विक्रीचा माणूस सगळी उत्पादनं विकतो, कारखाना सगळी बनवतो, हिशोबनीस सगळ्यांचे आकडे मांडतो. एकाच उत्पादनाकडे सगळ्या बाजूंनी बघणारा कोणी नसतो, तो तुम्ही.

उरलेलं निम्मं सॉफ्टवेअर आल्यावर जुळलं. साबणाची वडी विकली की विषय संपला, तुमचं उत्पादन मात्र विकल्यानंतरही दर महिन्याला बदलतं. त्यामुळे रोज चार गोष्टी तपासत राहावं लागतं. हे लोकांना हवंय का? त्यांना वापरता येईल का? आपल्याला बनवता येईल का? आणि बनवून कंपनीला परवडेल का? तिसऱ्याचं उत्तर इंजिनियर देतील, दुसऱ्याचं डिझायनर. पहिलं आणि चौथं तुमच्या गळ्यात.

आणि हो, अधिकार मिळणार नाही. एकही इंजिनियर तुमच्या हाताखाली नसेल. दोघा-तिघांशी आधी एकेकटं बोलून घ्यायचं, पुरावा समोर ठेवायचा आणि मीटिंगमध्ये जाईपर्यंत निर्णय जवळजवळ झालेला असावा. परवानग्या लागतात म्हणून कुरकुर करू नका, तेच काम आहे.

गवंडी
काका, प्रतिसाद आवडला. पण एक खुलासा करतो, कारण इथे हमखास गल्लत होते. मी प्रोजेक्ट मॅनेजर. लोक दोन्हींना एकच समजतात, आणि ज्यांना फरक कळतो ते आम्हाला तारखा सांभाळणारे कारकून समजतात.

प्रोजेक्टला शेवट असतो. अमुक काम, अमुक तारीख, अमुक खर्च, संपलं की मंडळी पांगली. उत्पादनाला तशी तारीख नसते, बाजारातून काढेपर्यंत त्याची काळजी वाहावी लागते. "वेळेत होईल का?" हा माझा प्रश्न आणि "करावं का?" हा पाऊलवाट यांचा. नको ती गोष्ट अगदी वेळेवर करून दिल्याचे प्रसंग माझ्या खात्यात भरपूर आहेत, त्यात दोष माझा धरायचा नाही. :)

तिरकस
"करावं का" हे ठरवणारा प्रॉडक्ट मॅनेजर मी अजून पाहिलेला नाही. छोट्या कंपनीत मालक ठरवतो, मोठ्या कंपनीत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हा फक्त तक्ता रंगवतो. दिवे घ्या, पण खोटं असेल तर सांगा.

जुना_खांब
@तिरकस, अर्धं खरं आहे. शेवटचा शब्द मालकाचाच. पण मालकासमोर पर्याय कोणते येतात, कोणत्या क्रमाने येतात आणि त्यांच्यासोबत कोणती माहिती येते, हे कोण ठरवतं? नुसतं "नाही" म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. "हे केलं तर ते मागे पडेल, ते मागे पडलं तर ही गिऱ्हाइकं जातील, आता बोला" असं म्हणणाऱ्याला विचारावंच लागतं.

सहावी_खिडकी
आता कमानीबद्दल. ही कल्पना घरोघरी पोचली ती थिओडोर लेव्हिट यांच्या १९६५ च्या लेखामुळे, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला होता. टप्पे तुम्हाला पाठ आहेत, तेव्हा पैशाच्या बाजूने सांगते, तिथे खरी मजा आहे.

ओळखीच्या टप्प्यात विक्री थोडी आणि खर्च अफाट. नफा शून्याच्या खाली. लोकांना मुळात ही वस्तू कशाला लागते हेच पटवायचं असतं. वाढीत विक्री उसळते, नफा दिसू लागतो आणि तो दिसला की प्रतिस्पर्धी धावत येतात. पहिला येणारा बाजार शिकवतो, दुसरा येऊन त्या शिकलेल्या बाजारात विकतो. परिपक्वतेत नवे ग्राहक संपत येतात, एकमेकांचे पळवायचे असतात, किमती पडतात, सगळ्यांची उत्पादनं सारखी दिसायला लागतात. उतारात विक्री घटते आणि प्रश्न उरतो तो सांभाळायचं, पिळायचं की सोडायचं एवढाच.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे नफ्याची रेघ आणि विक्रीची रेघ एकत्र चढत-उतरत नाहीत. नफ्याचं शिखर विक्रीच्या शिखराच्या आधी येऊन जातं, कारण मधल्या काळात स्पर्धेमुळे किमती पडलेल्या असतात. विक्री चढती आहे म्हणून वर्धापनदिन साजरा होत असतो आणि पाया खचायला सुरुवात झालेली असते.

शेवाळ
कमान खोटी आहे असं म्हणणाऱ्यांत मी. म्हणजे रेघ खोटी नाही, तिचा वापर खोटा. १९७६ साली त्याच मासिकात ढल्ला आणि युस्पे या दोघांनी लेख लिहिला होता, मथळाच असा की ही कल्पना विसरा. त्यांचा मुद्दा असा: एखाद्या ब्रँडची विक्री काही कारणाने जरा घसरते. व्यवस्थापक कमान काढून म्हणतो, "उतार सुरू झाला." जाहिरातीचा पैसा काढून नव्या मालावर लावतो. पैसा काढल्यावर विक्री आणखी घसरते. व्यवस्थापक म्हणतो, "बघा, म्हटलं नव्हतं?" त्यांनी इपाना या टूथपेस्टचं उदाहरण दिलंय. १९६८ मध्ये मोठ्या कंपनीने ती टाकून दिली. दोघा उद्योजकांनी नाव उचललं आणि जवळजवळ काही जाहिरात न करता विकून दाखवली. गिऱ्हाईक होतंच, कंपनीच कंटाळली होती.

पाऊलवाट, तुमच्या सेल्सप्रमुखांना हा किस्सा ऐकवा.

उचापती
ऐकवल्यावर ताई पुन्हा टेस्टिंगमध्ये. :D

मोजपट्टी
शेवाळ यांना अनुमोदन, पण त्यात एक भर. "उत्पादन कोणत्या टप्प्यावर?" या प्रश्नाआधी "कशाची रेघ काढताय?" हा प्रश्न येतो. तीन पातळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की भांडणं होतात.

खिशात गाणी घेऊन फिरणं ही गरज बघा. सोनीचा वॉकमन १९७९ ला आला. मग सीडीवाले आले, मग आयपॉड २००१ मध्ये, मग फोन. गरज सगळा वेळ चढतीच आहे. कॅसेट हा प्रकार मात्र संपला. आणि प्रकाराच्या आत एकेका ब्रँडची रेघ आणखी वेगळी. प्रकार उताराला असताना एखादा ब्रँड वाढू शकतो, कारण बाकीचे दुकान आवरून गेलेले असतात.

शिखराचंही तसंच. आयपॉडची सर्वाधिक विक्री झाली ती ॲपलच्या २००८ च्या आर्थिक वर्षात, साधारण साडेपाच कोटी. आयफोन त्याच्या आदल्या वर्षीच येऊन बसला होता. म्हणजे ज्याने आयपॉडला गिळलं ते बाजारात असताना आयपॉड सगळ्यात जास्त खपत होता. त्या वर्षीच्या तक्त्यात शिखर दिसलं असतं का? फक्त चढ दिसला असता. शेवटी २०२२ मध्ये बंद केला. कमान मागे वळून बघतानाच कमानीसारखी दिसते.

अल्पविराम
आणि मेलेली वस्तू उठून बसते त्याचं काय? ग्रामोफोनच्या तबकड्या! २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. कुठल्या टप्प्यात बसवणार हे?

सहावी_खिडकी
@अल्पविराम, तबकडी परत आली ती दुसऱ्याच कामासाठी. पूर्वी गाणं ऐकायचा तो मार्ग होता. आता गाणं फोनवर ऐकतात आणि तबकडी जवळ बाळगायला घेतात. जुनी वस्तू, नवी गरज, म्हणून नवी रेघ. यात सीडी त्याच काळात कोसळत होत्या हेही धरायला हवं.

लेव्हिट यांचा मुद्दाही याच्या जवळ जातो. त्यांनी नायलॉनचं उदाहरण घेतलं होतं. युद्धकाळात पॅराशूट आणि दोरखंड, मग बायकांचे पायमोजे, मग टायरमधला धागा, गालिचे. प्रत्येक वापर थंडावायच्या आत पुढचा वापर तयार केला, त्यामुळे रेघ पुन्हा पुन्हा उचलली गेली. हे आपोआप होत नाही, कोणीतरी बसून ठरवावं लागतं. हेसुद्धा या कामातच येतं बरं का पाऊलवाट.

रातकिडा
कोडॅकचं नाव अजून आलं नाही? धाग्याला शंभर प्रतिसाद व्हायचे तर ते यायलाच हवं. डिजिटल आलं, कोडॅक झोपली, कोडॅक मेली. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असते ही स्लाइड.

शेवाळ
ती स्लाइड बघून डोकं फिरतं. झोपली कुठे? डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनियरने बनवला. ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे विकलेही, २००० नंतरच्या दशकात काही काळ अमेरिकेत ते आघाडीवर होते.

अडचण वेगळी होती. कॅमेरा हा कोडॅकच्या नफ्याचा उगम कधीच नव्हता. नफा फिल्ममध्ये, कागदात, धुलाईच्या रसायनात. गिऱ्हाईक एकदा कॅमेरा घ्यायचं आणि वर्षानुवर्षं फिल्म. डिजिटलमध्ये त्या "वर्षानुवर्षं"च्या जागी काहीच नव्हतं. कॅमेरा बदलता आला, कमाईची रीत बदलता आली नाही. आणि जमत आलं तोवर फोनने साधे कॅमेरेच गिळले. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

फुजीफिल्मकडे तेच संकट होतं. त्यांनी "आपण काय विकतो" यापेक्षा "आपल्याला काय येतं" हा प्रश्न धरला. फिल्ममध्ये कोलॅजन असतं, रंग विटू नयेत म्हणून लागणारी रसायनं त्यांना ठाऊक. त्यातून चेहऱ्याची क्रीमं काढली, औषधांत शिरले, टीव्ही-संगणकाच्या पडद्यांत लागणाऱ्या पातळ पटलांत शिरले. कंपनी टिकली. फिल्म हे उत्पादन दोघांचंही कोसळलंच, ते कोणाला वाचवता आलं नसतं.

गवंडी
या प्रतिसादाची खूण करून ठेवली.

तिरकस
कोडॅक झालं. आता नोकिया, मग धागा बंद करू.

उचापती
नोकिया ११०० चा अपमान चालणार नाही. २००३ मध्ये आला, २५ कोटींवर खपला, टॉर्च होता. तुमच्या फोनची बॅटरी बोला आधी. माझा अजून खणात आहे, लावला की लागतो.

पाऊलवाट
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळे सावकाश पुन्हा वाचणार आहे. मोजपट्टीताई, तुमचा "कशाची रेघ" हा प्रश्न घेऊन आज आकडे काढायला बसले. दिसलं ते असं: नवे ग्राहक गेली काही वर्षं घटतायत, अलीकडे तर अगदीच तुरळक. जुने ग्राहक मात्र दरवर्षी नूतनीकरण करतायत. हे परिपक्व म्हणायचं की उतार?

आणि एक भाबडा प्रश्न. नवं मोबाईल अ‍ॅप आम्ही निवडक ग्राहकांना दिलंय. ते जाम खूश आहेत. मग ओळखीचा टप्पा संपला असं धरायचं का?

मोजपट्टी
तुमच्या मीटिंगमधलं भांडण इथेच सुटतंय बघा. सेल्सप्रमुख नवे ग्राहक बघतात, त्यांचं बक्षीस त्यावर ठरतं. फायनान्सच्या बाई नूतनीकरण बघतात, पैसा तिथून येतो. दोघांचेही आकडे बरोबर आहेत.

आता नूतनीकरणाच्या आत शिरा. एकूण टक्केवारी बघू नका, ती गुळगुळीत असते. ज्या वर्षी जे ग्राहक आले त्यांचा एकेक गट करा आणि प्रत्येक गटातले आज किती उरले ते बघा. जुने गट घट्ट बसलेत आणि अलीकडचे गळतायत असं निघालं तर धोका, कारण आजच्या माणसाला ते पटत नाहीये. मग वापर बघा. पैसे भरतात पण रोज किती जण उघडतात? एका गोदामात पूर्वी पाच जण नोंदी करायचे, आता एकच करतो का? नूतनीकरण थांबतं ते सगळ्यात शेवटी, त्याच्या पुष्कळ आधी वापर आटतो. नोंदी कमी होत असतील तर उतार सुरू आहे, पावती काहीही म्हणो. वापर स्थिर असेल तर परिपक्व आहे आणि त्याला हात लावताना दहादा विचार करा.

तिसरी गोष्ट आकड्यात सापडणार नाही. ज्यांनी तुमचं बघितलं आणि घेतलं नाही, त्यांना फोन करा. त्यांनी दुसऱ्याचं घेतलं की वहीवरच भागवलं? दुसऱ्याचं घेतलं असेल तर बाजार वाढतोय आणि तुम्ही मागे पडताय. वहीवर भागत असेल तर बाजारच भरलाय. उपाय अगदी उलटे आहेत.

सहावी_खिडकी
भाबड्या प्रश्नाचं उत्तर मी देते. नाही, संपलेला नाही. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवं स्वीकारणाऱ्यांची वाटणी मांडली: अगदी आघाडीचे २.५ टक्के, त्यांच्या मागचे लवकर घेणारे १३.५, मग ३४ आणि ३४ असे मधल्या माणसांचे दोन मोठे गट, आणि शेवटी १६ टक्के मागे राहणारे. तुमचे निवडक ग्राहक पहिल्या दोन गटांतले. त्यांना नवेपणाचीच हौस असते, अर्धवट चालणारंही ते प्रेमाने चालवून घेतात. मधली माणसं तसं करत नाहीत. ती विचारतात, आमच्यासारखा आणखी कोण वापरतो? बिघडलं तर कोण येणार? जुना डेटा येईल का? पुष्कळ उत्पादनं पहिल्या १६ टक्क्यांची वाहवा ऐकत तिथेच संपतात.

शिवाय निवडक ग्राहक कोणी निवडले? सेल्सने निवडले असतील तर ते मुळातच तुमच्यावर खूश असलेले असणार.

पाऊलवाट
सेल्सनेच. :(

उचापती
जीमेल २००४ ते २००९ बीटाच (म्हणजे चाचणीतलीच आवृत्ती) होतं. घाई कशाला करताय, अजून खूप वर्षं आहेत.

रातकिडा
जरा अवांतर, पण पहिल्या प्रश्नाशी जुळतं. जुन्या उत्पादनाचं खरं दुखणं म्हणजे मागण्या. एका ठिकाणी मोठ्या ग्राहकासाठी आम्ही एक रिपोर्ट बनवला. मग त्याच्यासारखाच पण थोडा वेगळा दुसऱ्याला. असं करत रिपोर्टांचं जंगल झालं. एक काढायला गेलं की कोणीतरी ओरडतं, म्हणून कोणी काढत नाही, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत ते सगळे तपासावे लागतात. नवं काही करायला वेळच उरत नाही. पाऊलवाट टेस्टिंगमधून आल्यात, त्यांना हे सांगायला नको.

पाऊलवाट
सांगू नकाच. जखमा ओल्या आहेत.

जुना_खांब
जपानमधले नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गुणांची एक वर्गवारी दिली, ती मागण्या चाळायला कामाची आहे. काही गुण असतात त्यांनी कोणी खूश होत नाही, पण नसले तर लोक चिडतात. नोंद केलेला आकडा उद्या तोच दिसणं, हा तसा. काही जितके वाढतील तितका आनंद वाढतो, उदाहरणार्थ वेग. आणि काही असे की कोणी मागितलेले नसतात, पण दिले की माणूस हरखतो. यातली मेख काळाची आहे. आज ज्याने हरखतात ते काही वर्षांत गृहीत धरतात. म्हणून परिपक्व उत्पादनात काम करणाऱ्यांना वाटतं, आपण एवढं देतोय आणि कोणी कौतुकच करत नाही.

ग्राहकाने मागितलेला रिपोर्ट यातल्या कुठल्याच खान्यात बसत नसेल, तर तो रिपोर्ट कशासाठी हवाय ते विचारा. बहुतेकदा त्याला रिपोर्ट नको असतो, त्याच्या साहेबाच्या एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं.

तिरकस
हे मात्र पटलं. लिहून ठेवतो. (कोणाला सांगू नका.)

शेवाळ
बंद करण्याबद्दल कोणीच बोललं नाही. सगळ्यांना नवं काढायचं असतं, जुनं नीट मिटवायला कोणी शिकत नाही.

दोन नमुने बघा. विंडोज एक्सपी २००१ ला आलं. नियमित आधार २००९ मध्ये थांबला, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र ८ एप्रिल २०१४ पर्यंत आल्या. तारखा कितीतरी आधी जाहीर. तरी शेवटच्या दिवशी जगभर असंख्य यंत्रं त्याच्यावर होती, कारण कारखान्यातलं किंवा बँकेतलं यंत्र सहज बदलत नाही. दुसरा नमुना गूगल रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइटींवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची सोय. मार्च २०१३ मध्ये जाहीर केलं, १ जुलैला बंद. डेटा काढून न्यायची सोय दिली, हे चांगलं केलं. पण वापरणारे थोडे असले तरी ते रोज वापरणारे, लिहिणारे-बोलणारे लोक होते. आजही त्या कंपनीने काही नवं काढलं की कोणीतरी म्हणतंच, "कधी बंद करणार?" त्या एका निर्णयाची किंमत त्या उत्पादनाच्या तक्त्यात कधी आली नसेल.

डेस्कटॉप बंद करायचं ठरलंच तर क्रम असा ठेवा: आधी नवीन विक्री थांबवा, मग नवीन सुविधा, मग बिघाडांची दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी सुरक्षा. प्रत्येकाची तारीख वेगळी आणि लेखी. ग्राहकाला त्याचा सगळा डेटा दुसरीकडे उघडेल अशा रूपात द्या. आणि मोबाईल अ‍ॅप डेस्कटॉपची रोजची कामं करू लागल्याशिवाय पहिली तारीखसुद्धा जाहीर करू नका.

गवंडी
आणि या सगळ्याला माणसं लागतात हे आराखड्यात धरा. मिटवणं हासुद्धा एक प्रोजेक्ट आहे. आम्हा कारकुनांना बोलवा.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. थोडी खबर देते. गट पाडून बघितले. जुने गट घट्ट आहेत आणि नोंदींची संख्याही टिकून आहे. घेतलं नाही त्यांच्यापैकी काहींशी बोलले, त्यातले बरेच जण दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवाल्याकडे गेलेत. म्हणजे बाजार वाढतोय आणि आम्ही मागे पडतोय, डेस्कटॉप मात्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे भक्कम.

मग भक्कम का, हे बघायला दोन-तीन गोदामांत जाऊन बसले. कारण साधं निघालं. आतल्या भागात नेटवर्क पोचत नाही. डेस्कटॉपला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे काम अडत नाही. आमचं नवं अ‍ॅप इंटरनेटशिवाय उघडतसुद्धा नाही. निवडक ग्राहक सगळे नव्या इमारतींतले, त्यांना हा प्रश्नच नाही.

सेल्सप्रमुखांना आणि फायनान्सच्या बाईंना एकत्र बसवून हे दाखवलं. तारीख ठरवायचं तूर्त बाजूला पडलंय. अ‍ॅप आधी ऑफलाइन चालवायचं ठरतंय. त्यासाठी ठरलेल्या दोन मोठ्या सुविधा पुढे ढकलाव्या लागतील, त्यावर उद्या जुंपणार आहे.

मोजपट्टी
क्या बात! ढकललेल्या सुविधा कोणी मागितल्या होत्या आणि त्यातले किती जण नूतनीकरणाच्या उंबरठ्यावर आहेत, ती यादी घेऊन जा उद्या.

रातकिडा
ऑफलाइन म्हणताय म्हणून विचारतो, कारण हे डेव्हलपरवर सोडलं तर तो मनाला येईल ते करेल. दोघांनी नेटवर्क नसताना एकाच फळीवरचा माल मोजला. एकाने ४० लिहिले, दुसऱ्याने ३७. रात्री दोन्ही फोन जोडले गेले. कोणाचा आकडा धरायचा?

पाऊलवाट
शेवटी लिहिला त्याचा?

रातकिडा
मधल्या वेळात तीन नग बाहेर गेले असतील तर ४० आणि ३७ दोन्ही बरोबर. आणि फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर "शेवटी" कोण तेही कळणार नाही.

जुना_खांब
दोन्ही नोंदी ठेवा, कोणी आणि कधी केली त्यासकट. सॉफ्टवेअरने परस्पर एक पुसू नये. गोदामाच्या प्रमुखाला सकाळी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसू द्या आणि तो फळीपाशी जाऊन बघेल. आज डेस्कटॉपवर असा घोळ झाला तर ते काय करतात, ते विचारलंत का?

पाऊलवाट
नाही. परवा पुन्हा जातेय तिकडे, विचारते.

उचापती
ऑफलाइनवर वेगळा धागा काढा. इथे मला नोकियावर बोलायचंय.